होंडा सिटी ऑटोमॅटिक (२०११): गिअरबॉक्सचं ऑईल घरी बदलायचंय

विश्रामबाग_सिटी (सांगली)

नमस्कार. गाडी २०११ ची होंडा सिटी, १.५ पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक. रनिंग ९६ हजार. सेकंडहँड घेतली आहे. सर्व्हिसच्या कागदांत इंजिन ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल सगळ्याच्या नोंदी आहेत, गिअरबॉक्सच्या ऑईलची एकही नाही.

दोन गोष्टी जाणवतात. गाडी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हलका झटका बसतो, गरम झाल्यावर जातो. आणि ५०-६० च्या स्पीडला, ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका असताना, रम्बलरवरून गेल्यासारखी दोन-तीन सेकंद थरथर येते. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही. डिपस्टिकवर ऑईल तपकिरी आहे, जळका वास नाही.

इंजिन ऑईल आणि ब्रेक पॅड घरीच बदलतो, त्यामुळे जॅक, घोड्या, रॅचेट सेट, टॉर्क पाना सगळं आहे. विचारायचं ते असं: ऑईल नेमकं कोणतं आणि किती? एकदा बदलून भागतं की तीनदा बदलावं लागतं? एका गॅरेजमध्ये मशीन लावून फ्लश करू म्हणाले, दुसरीकडे "एवढ्या रनिंगला हात लावू नका, ऑईल बदललं की गिअरबॉक्स बसतो" असं सांगितलं. कोणाचं धरायचं? आणि लेव्हल बघताना इंजिन चालू हवं की बंद?

कुपवाड_टूलरूम

दादा, ही गाडी घरी करण्यासारखी आहे. होंडाच्या या बॉक्सला खाली ड्रेन प्लग आणि वर डिपस्टिक आहे, चेंबर उतरवायची भानगड नाही. फिल्टर केसच्या आत असतो, बॉक्स खोलल्याशिवाय निघत नाही. त्याचा नाद सोडा.

ऑईल होंडाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) डीडब्ल्यू-१. मॅन्युअलमध्ये झेड-१ लिहिलेलं असेल तर गोंधळू नका. डीडब्ल्यू-१ त्याच्याच जागी आलं आहे आणि आत राहिलेल्या जुन्या झेड-१ मध्ये मिसळलं तरी चालतं. दुकानात "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" म्हणून डेक्स्ट्रॉनचा डबा पुढे येईल, तो घेऊ नका. ऑटोमॅटिकमध्ये ऑईलला वंगणाशिवाय बरीच कामं असतात. दाब तेच पोचवतं, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद तेच पुढे देतं, आणि क्लचच्या प्लेटा एकमेकींना कशा पकडतील हेसुद्धा त्यातल्या ॲडिटिव्हवर ठरतं. हे पकडीचं गणित प्रत्येक कंपनीने आपापल्या प्लेटांप्रमाणे बांधलेलं असतं. तुमची ५०-६० ची थरथर बहुधा त्यातलीच आहे. त्या स्पीडला, हलक्या पायावर, कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच (इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा) पूर्ण न पकडता थोडा सरकत चालतो. ॲडिटिव्ह संपली की तो एकसारखा सरकत नाही, धरतो-सोडतो, धरतो-सोडतो. तीच थरथर सीटपर्यंत येते.

आता किती. ड्रेन प्लग काढल्यावर साधारण अडीच लिटर निघतं. बाकीचं कन्व्हर्टर, क्लच आणि कूलरच्या वाटांत अडकून राहतं. एकूण सहा लिटर धरलं तर एकदा बदलून ४२ टक्के ऑईल नवं होतं, दुसऱ्यांदा ६६, तिसऱ्यांदा ८०. चौथ्यांदा केलं तर ८८, म्हणजे अडीच लिटर ओतून फक्त आठ टक्के पदरात. म्हणून तीनवर थांबतात. साडेसात लिटर लागेल, आठ आणून ठेवा. सोबत ड्रेन प्लगचा १८ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम वॉशर, होंडाचा नंबर ९०४७१-पीएक्स४-०००. प्रत्येक वेळी नवा, म्हणजे तीन. इंजिन ऑईलच्या प्लगचा वॉशर १४ चा असतो, तो इथे बसत नाही.

मशीन फ्लश करू नका. होंडाची स्वतःची पद्धत काढा-भरा हीच आहे. मशीन कूलरच्या लाइनमधून दाबाने ऑईल ढकलतं. त्यात आत बसलेला गाळ सुटून सोलेनॉइडच्या (ऑईलची वाट उघडणारे-बंद करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) बारीक वाटेत किंवा वर्षानुवर्षं न बदललेल्या फिल्टरवर जाऊन बसण्याचा धोका असतो. काढा-भरा पद्धतीत ऑईल आपल्या नेहमीच्या वाटेनेच फिरतं.

"ऑईल बदललं की बॉक्स बसतो" ही समजूत येते कुठून तेही सांगतो. लोक ऑईल बदलतात कधी? गाडी स्लिप व्हायला लागल्यावर. तोपर्यंत प्लेटांचं अस्तर जळून गेलेलं असतं. ऑईल बदलतात, महिन्याभरात बॉक्स जातो आणि दोष ऑईलवर येतो. तुमच्या ऑईलला जळका वास नाही, गाडी स्लिप होत नाही, म्हणजे उशीर झालेला नाही. इंजिनचे आरपीएम वाढतायत आणि गाडी ओढत नाही, असं असतं तर मी आधी बॉक्सवाल्याकडे पाठवलं असतं.

काम असं करा.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. ऑईल कोमट हवं, उकळतं नको. लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या प्लग काढला तर मनगट भाजतं. सपाट जागी लावा, मागच्या चाकांना उटी लावा, पुढची बाजू उचलून घोड्यांवर ठेवा. अंगणात आपली काळी माती असेल तर घोडीखाली १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा घाला. माती वरून टणक दिसते पण घोडीचा पाय एका बाजूने रुततो. शहाबादी फरशी घालू नका, ती तडकते. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणीही शिरायचं नाही.

बॉनेट उघडून डिपस्टिकच्या भोवतीची धूळ आधी पुसा, मग ती वर ओढून ठेवा. हवा आत गेली की खालून ऑईल नीट पडतं. पुसायला जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा घ्या, कॉटन वेस्ट नको. त्याचा एक धागा आत गेला तरी व्हॉल्व्ह बॉडीत (ऑईल हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) अडकायला पुरतो.

आता प्लग ओळखणं, आणि इथे घाई करू नका. बॉक्स गाडीच्या डाव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे पॅसेंजरच्या बाजूला आहे. त्याच्या ड्रेन प्लगला षटकोनी डोकं नसतं. मध्ये ३/८ इंचाची चौकोनी खाच असते आणि रॅचेटचा चौकोन सॉकेट न लावता थेट त्यात बसतो. षटकोनी डोक्याचा १७ चा बोल्ट इंजिन ऑईलचा. होंडात सर्वांत जास्त घडणारी चूक हीच: इंजिनचं ऑईल बदलायला बसतात, बॉक्सचा प्लग काढतात, मग इंजिनमध्ये वर नवं ऑईल भरतात. इंजिनमध्ये दुप्पट, बॉक्स कोरडा. निघालेलं ऑईल पातळ आणि लालसर-तपकिरी असेल तर तो बॉक्सच.

रॅचेटचा चौकोन खाचेत तळापर्यंत बसलाय हे बोटाने चाचपून बघा. अर्धवट बसवून जोर लावला तर खाच गोल होते आणि मग प्लग काढणं अवघड. घट्ट असेल तर लांब दांडा लावा, हातोडीने ठोकू नका.

ऑईल मोकळ्या, स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि धार थेंबावर येईपर्यंत थांबा. प्लगच्या टोकाला मॅग्नेट असतो. त्यावर राखाडी, मऊ लगदा दिसेल, बोटाने चोळला तर कणकण लागत नाही. एवढ्या रनिंगला तो असायलाच हवा. टोचणारे कपचे, दाताचा तुकडा, तारेसारखे लांब छिलके दिसले तर तिथेच थांबा. ट्रेच्या तळाशी सोनेरी चमक दिसली तर ते पितळ किंवा काशाचं झिजणं. ते मॅग्नेटला चिकटत नाही, म्हणून ट्रे उन्हात तिरका धरून बघायचा.

प्लग पुसून नव्या वॉशरसकट आधी हातानेच पूर्ण आत न्या, मग ४९ न्यूटन मीटरला आवळा. केस ॲल्युमिनियमची आहे. दांड्यावर अंगाचा भार टाकला तर आटे जातील, आणि तिथले आटे दुरुस्त करणं खर्चिक काम आहे.

निघालेलं ऑईल पाण्याच्या लिटरच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मोजा. तेवढंच नवं, डिपस्टिकच्याच भोकातून, बारीक तोंडाचं नरसाळं आणि पारदर्शक नळी लावून सावकाश सोडा. मात्र निघालं तेवढं भरलं म्हणजे लेव्हल बरोबर झाली असं धरू नका. आधीच कमी असेल तर तुम्ही तीच कमतरता परत भरली. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीसुद्धा एकदा लेव्हल नोंदवून ठेवा.

लेव्हलची पद्धत होंडाची वेगळी आहे आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. गाडी चारही चाकांवर, सपाट जागी. इंजिन चालू करून ब्रेक दाबून लिव्हर पी पासून खालपर्यंत आणि परत, प्रत्येक जागी तीन सेकंद. मग पी मध्ये ठेवून, एसी बंद करून, रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू राहू द्या. इंजिन बंद करा. ६० सेकंद थांबा, पण ९० च्या पुढे जाऊ नका. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा आणि मग वाचा. पहिल्या खेपेचं वाचन धरायचं नाही, नळीत उडालेलं ऑईल तिला लागलेलं असतं. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे झुकलेलं हवं. दीड मिनिटाच्या आत का? इंजिन थांबलं की वर चढलेलं ऑईल हळूहळू खाली उतरतं आणि लेव्हल फुगून दिसते. चहा घेऊन येऊन बघितलं तर भरपूर दिसेल, प्रत्यक्षात कमी असेल. टोयोटासारख्या ज्या जुन्या गाड्यांना डिपस्टिक आहे त्यांची लेव्हल इंजिन चालू ठेवून बघतात. मेकॅनिक मंडळी तोच नियम होंडाला लावतात आणि ऑईल जास्त भरून बसतात.

कमी पडलं तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा सरकतात आणि जळतात. जास्त झालं तर फिरते गिअर ते घुसळून फेस करतात. फेसाला दाब धरता येत नाही, म्हणजे परिणाम तोच, वर ब्रीदरमधून (बॉक्सची हवा जायची-यायची वाट) ऑईल बाहेर येतं ते वेगळं.

सातारा_घाटवाट

कुपवाडच्या सरांनी सगळं नेमकं सांगितलं आहे. दोन मुद्दे जोडतो.

थरथर लॉक-अपचीच आहे का, याची खात्री ऑईलवर पैसे घालण्यापूर्वी करता येते. मोकळा सरळ रस्ता, मागे गाडी नाही, ५५ चा स्थिर स्पीड. थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं स्पर्शापुरतं दाबा, ब्रेक लाइट लागेल इतकंच. ब्रेकचा सिग्नल मिळताच कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो. थरथर त्याच क्षणी गेली तर कारण लॉक-अप. तशीच राहिली तर प्लग, कॉइल आणि इंजिन माउंटिंग बघा. १.५ चं एखादं सिलिंडर हलक्या लोडला मिस होत असेल तर अगदी अशीच थरथर येते, आणि त्याला गिअरबॉक्सचं कितीही ऑईल बदललं तरी फरक पडत नाही. थंड असतानाचा झटका माउंटिंगमुळेही वाढतो, तेव्हा डी मध्ये टाकताना इंजिन किती उडतं हे कोणाला तरी बॉनेट उघडून बघायला सांगा.

डी चा हिरवा दिवा लुकलुकत असता तर आधी स्कॅनर लावला असता. होंडात तो दिवा लुकलुकणं म्हणजे बॉक्सचा फॉल्ट कोड साठलेला असतो. तुमच्याकडे तसं नाही, उत्तम.

दुसरा मुद्दा, तीन वेळा एकाच दिवशी की अंतराने? माझं मत अंतराने, मध्ये दोन-तीन आठवड्यांचं रोजचं चालणं. नवं ऑईल आतला वार्निश (जुन्या ऑईलचा बसलेला थर) हळूहळू सोडवतं आणि तो पुढच्या ड्रेनला बाहेर पडतो. एकाच दिवशी केलं तर टक्केवारी तीच मिळते, हा फायदा मिळत नाही. एकाच दिवशी करायचंच असेल तर प्रत्येक भरण्यानंतर गाडी रस्त्यावर सगळ्या गिअरमध्ये चालवून आणा. जागेवर लिव्हर हलवून कन्व्हर्टरमधलं जुनं आणि नवं नीट मिसळत नाही. आणि न मिसळता परत प्लग उघडला तर नवंच ऑईल ट्रेमध्ये पडतं.

यानंतर ४० हजारांना एकदा, एकच ड्रेन, पुरे. वारंवार खंबाटकी किंवा महाबळेश्वरचा घाट असेल तर ३० हजारांना. चढाला लॉक-अप सुटतो आणि कन्व्हर्टर सगळी ताकद ऑईल घुसळून पुढे देतो. उष्णता तिथेच होते. उतरताना खालचा गिअर धरा, ब्रेकवर भार ठेवू नका.

कृष्णाकाठ_गॅरेज

गाडी सांगलीतलीच आहे आणि सेकंडहँड आहे म्हणून हे लिहितोय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गावभागापासून बसस्टँडपर्यंत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरं घालून विकल्या गेल्या. पाणी गिअरबॉक्सच्या वर चढलं की ब्रीदरमधून आत जातं. इंजिनचं ऑईल तेव्हा सगळे बदलतात, बॉक्सचं विसरतात.

तुमचं ऑईल तपकिरी आहे, दुधाळ गुलाबी नाही, त्यामुळे मोठ्या प्रमाणात पाणी असण्याची शक्यता कमी. तरी पहिल्या ड्रेनचं थोडं ऑईल काचेच्या बाटलीत रात्रभर उभं ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा ढगाळ पट्टा आला तर समजा. आणखी एक चाचणी आहे. जुना तवा घराबाहेर, पाण्याचा थेंब टाकल्यावर लगेच नाचत उडून जाईल एवढाच तापवा, आच बंद करा आणि एटीएफचा एकच थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं, कोरडं ऑईल नुसतं पसरतं. तवा धुरावेपर्यंत तापवायचा नाही, ऑईल पेट घेऊ शकतं. चष्मा लावा, आणि तो तवा परत स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

पाणी इतकं वाईट का? क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं आणि ते स्टीलवर चिकटवलेलं असतं. तंतू पाणी पितात, डिंक सुटतो, अस्तर सोलून निघतं. एकदा निघालं की किती वेळा ऑईल बदललं तरी उपयोग नाही, बॉक्स उघडावाच लागतो. पुरात बुडालेली ऑटोमॅटिक इंजिन अजिबात न फिरवता ड्रेन करायची असते. स्टार्ट मारला की पंप पाणी प्रत्येक क्लचमध्ये नेऊन पोचवतो.

दुधाळ ऑईल पुराशिवायही होतं. एटीएफ थंड करणाऱ्या कूलरमधून एका बाजूने कूलंट जातं. आतली भिंत फुटली की दोन्ही एकत्र. कूलंटच्या बाटलीत तेलकट गुलाबी साय दिसली तर कारण तेच. त्या गाडीत कूलर बदलण्याआधी नवं एटीएफ ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

ज्यांना आत्ता सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यातली जुनी ऑटोमॅटिक घ्यायची आहे त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून खालच्या टोकाला गाळाची रेघ बघावी, डिकीतल्या स्टेपनीच्या खोलगट जागेत माती बघावी आणि मग डिपस्टिक.

विश्रामबाग_सिटी (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. ब्रेकची चाचणी केली, पेडलला पाय लागताच थरथर थांबते. म्हणजे लॉक-अप.

अजून तीन शंका. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगला गेटकडे उतार आहे, तिथे लेव्हल बघितली तर किती फरक पडेल? चुकून जास्त भरलं गेलं तर परत ड्रेन प्लग उघडायचा का? आणि बदलल्यावर बॅटरी काढून कॉम्प्युटर रिसेट करावा लागतो का?

कुपवाड_टूलरूम

उतारावर बघूच नका. या डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर थोडं आहे, उतारामुळे तेवढा फरक सहज पडतो. ड्रेन पार्किंगमध्ये करा, भरा, मग गाडी सावकाश सपाट जागी नेऊन लेव्हल बघा. नेण्यापूर्वी डिपस्टिकवर ऑईल दिसतंय एवढं मात्र नक्की करा. पेट्रोल पंपाचं काँक्रीट बहुतेक वेळा पाणी वाहायला उतार दिलेलं असतं, तिथेही नको. जागा सपाट आहे का ते स्पिरिट लेव्हलने बघा, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या रेषेत एक आणि आडवी एक.

जास्त झालं तर प्लग उघडू नका. मेडिकलमध्ये मिळणारी ६० मिलिलिटरची सिरिंज आणि तिला बसेल अशी लांब पातळ नळी घ्या, डिपस्टिकच्या भोकातून खाली सोडून ओढा. एकेक सिरिंज काढून परत पूर्ण पद्धतीने लेव्हल. नळी नवी घ्या, ॲक्वेरियमची जुनी नको. आणि टोक सैल नाही ना ते आधी ओढून बघा, आत सुटलं तर डोकेदुखी.

बॅटरी काढायची गरज नाही. काढली तर इंजिनचं आयडलसुद्धा विसरतं आणि मग कशामुळे काय बदललं ते कळत नाही. पहिले काही दिवस पाय हलका ठेवून चालवा, शिफ्टिंग आपोआप जुळतं. पहिल्या ड्रेननंतर थरथर पूर्ण जाईलच असं नाही, ४२ टक्केच नवं आहे. दुसऱ्या ड्रेननंतर स्पष्ट फरक दिसायला हवा. तिसऱ्यानंतरही तशीच राहिली तर लॉक-अपचं अस्तरच चमकून गुळगुळीत झालेलं असणार. तिथे कन्व्हर्टरचं काम निघतं. बाटलीतून ओतायची 'थरथर थांबवणारी' औषधं मिळतात, ती घालू नका. डीडब्ल्यू-१ चं घर्षण बिघडवून थोडे दिवस लक्षण झाकलं जातं, एवढाच त्यांचा उपयोग.

काम झाल्यावर रात्री बॉक्सखाली पुठ्ठा पसरा. सकाळी प्लगच्या बरोबर खाली लाल थेंब असेल तर वॉशर नीट बसला नाही.

मिरज_ऑटो

हीच पद्धत माझ्या ह्युंदाई व्हर्नाला, सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरला, चालेल का? डिपस्टिक सापडत नाही. आणि घरातल्या मारुती एजीएसला पण एटीएफ असतं का?

कुपवाड_टूलरूम

एजीएस म्हणजे एएमटी. आतला बॉक्स साधा मॅन्युअलचाच, क्लच आणि लिव्हर हलवायला वर यंत्रणा बसवलेली. त्यात एटीएफ घालायचं नसतं. मॅन्युअलचं गिअर ऑईल वेगळं आणि त्या हायड्रॉलिक यंत्रणेचं ऑईल वेगळं. दुसऱ्याची हवा काढायला स्कॅनर लागतो, ते घरी करू नका.

सीव्हीटीलाही (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा बॉक्स) एटीएफ चालत नाही. होंडा सिटी पेट्रोलच २०१४ पासून सीव्हीटीत आली, तिला एचसीएफ-२ लागतं. त्याआधीची सिटी झेडएक्स ऑटोमॅटिकसुद्धा सीव्हीटीच होती. नाव सिटी आहे म्हणून डीडब्ल्यू-१ ओतलं तर पट्टा पुलीवर घसरतो. डीएसजीसारखे दोन क्लचचे बॉक्स हा आणखी वेगळा विषय.

व्हर्नाच्या सहा गिअरला ऑईल एसपी-४. डिपस्टिक नाही, वर भरायचं भोक आणि लेव्हलसाठी वेगळा प्लग आहे. तिथे पहिला नियम असा की ड्रेन उघडण्याआधी भरायचा प्लग सैल करून बघायचा. तो गंजून अडकलेला असेल आणि खालून ऑईल काढून बसलात तर गाडी जागेवरच.

लेव्हल तापमानावर बघतात: गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली, इंजिन चालू, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवून पी मध्ये, आणि ऑईल ५० ते ६० अंश सेल्सिअस असताना लेव्हल प्लग उघडायचा. बारीक, एकसारखी धार आली की बरोबर. जोरात आली तर बारीक होईपर्यंत वाहू द्या, काहीच आलं नाही तर वरून थोडं थोडं भरा. थंड असताना हे केलं तर आकसलेलं ऑईल प्लगपर्यंत यायला जास्त ओतावं लागतं आणि गरम झाल्यावर ते जास्त होतं. फार गरम असताना केलं तर उलट, कमी राहतं. तापमान ओबीडीला (गाडीतलं स्कॅनर जोडायचं सॉकेट) लावायच्या ब्लूटूथ स्कॅनरवर, एटीएफ टेंपरेचर दाखवणाऱ्या ॲपमध्ये बघा. कूलंटचं तापमान धरू नका, ते आधीच ८०-९० ला पोचलेलं असतं आणि बॉक्स मागे असतो.

दोन घोड्यांवर नुसतं पुढून उचलून व्हर्नाची लेव्हल बघता येत नाही. चार घोड्या किंवा पिट नसेल तर हे काम लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये, शेजारी उभं राहून करून घ्या. तापमान किती अंशाला प्लग उघडला हे विचाराच. त्याचं उत्तर आलं नाही तर दुसरं गॅरेज बघा.

सातारा_घाटवाट

निघालेल्या ऑईलबद्दल कोणी लिहिलं नाही. तीन ड्रेनचं साडेसात लिटर होतं. गटारात किंवा बांधावर ओतू नका, पहिल्याच पावसात ते नदीला जातं. वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात येतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जवळच्या मोठ्या वर्कशॉपच्या जळक्या ऑईलच्या बॅरलमध्ये द्या, तिथून ते रिफायनिंगला जातं. सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला मागतात. त्यापेक्षा बॅरल बरा, फळीचं ऑईल शेवटी मातीतच उतरतं. आणि कॅनमध्ये कूलंट किंवा ब्रेक ऑईल मिसळू नका, मिसळलेलं कोणी घेत नाही.

पहिल्या ड्रेनचं मात्र अर्धा लिटर वेगळ्या बाटलीत तारीख आणि रनिंग लिहून ठेवा. तिसऱ्या ड्रेनच्या वेळी शेजारी ठेवून रंग बघा. तिसरं लालसर आणि पारदर्शक दिसलं तर थांबा. पहिल्याइतकंच काळपट असेल तर मॅग्नेट परत तपासा आणि आणखी ऑईल आणण्याआधी इथे फोटो टाका.